वेंधळी, घुमी, एककल्ली : स्त्रियांच्या निराळ्या घडणीचा प्रश्न

आपल्या भाषेत पुरुष विसरभोळा असला तर त्या शब्दात थोडे कौतुकच असते; विसरभोळा प्राध्यापक हे तर विनोदी कथांचे जुने गिऱ्हाईक आहे. तोच गुण बाईमध्ये दिसला की तिच्यासाठी निराळे शब्द निघतात : वेंधळी, धांदरट, अजागळ. कमी बोलणारा पुरुष गंभीर ठरतो, कमी बोलणारी बाई घुमी. एकाच विषयाचा ध्यास घेणारा पुरुष व्यासंगी, तशी बाई एककल्ली. गोंगाट सहन न होऊन बैठकीतून उठून जाणारा पुरुष विक्षिप्त म्हणून सोडून दिला जातो. बाई मात्र तुसडी, माणूसघाणी. हे शब्द मुलीच्या कानांवर सहाव्या-सातव्या वर्षापासून पडू लागतात, आणि चाळिशी येईपर्यंत तीच ते स्वतःला लावू लागलेली असते. ह्या शब्दांमागे काही वेळा स्वभावाचा दोष नसून मेंदूची जन्मजात निराळी घडण असते. ती घडण कोणती, स्त्रियांच्या बाबतीत ती इतकी वर्षे नजरेआड का राहिली, आणि ती समजल्याने कोणाचे काय भले होते, एवढ्या तीन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करणारा माणूस आहे. जे शिकलो ते वाचून आणि माणसांत वावरून. हा विषय माझ्याकडे कारणे दाखवा नोटिशीच्या वाटेने आला. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करणारी कितीतरी कुटुंबे आपल्या इंदिरानगरात राहतात. एका कारखान्यात बारीक सुट्या भागांची तपासणी करणारी एक बाई होती. सदोष नग तिच्या नजरेतून सहसा सुटत नसे. पण सुपरवायझरने तोंडी चार सूचना दिल्या की दोन विसरत. अचानक विभाग बदलला की दोन दिवस तिचा हात चालत नसे. आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीन सोडून ती जिन्याखाली एकटी डबा खाई. नोटिशीत शब्द होते, ‘उद्धट वर्तन व कामाकडे दुर्लक्ष’. पुढे तिच्या मुलाला शाळेच्या सांगण्यावरून तज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी मुलाची तपासणी करता करता आईलाही काही प्रश्न विचारले, आणि तिच्या आयुष्याचा एक जुना गुंता सुटू लागला. आधी मुलाचे निदान आणि त्यामागून आईचे, हा क्रम जगभर पुष्कळ स्त्रियांच्या वाट्याला आलेला आहे.

निराळी घडण म्हणजे काय?

‘न्यूरोडायव्हर्जंट’ हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत दिसतो. ह्या विचाराचा उगम १९९० नंतरच्या दशकात, स्वमग्न माणसांच्या आपसांतील चर्चेत झाला. ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर यांनी १९९८ मध्ये आपल्या प्रबंधात तो मांडला. सर्व मनुष्यांचे मेंदू एकाच साच्यातून निघत नाहीत, आणि बहुसंख्यांहून वेगळ्या तऱ्हेने चालणारा मेंदू म्हणजे बिघडलेला मेंदू नव्हे, हे त्याचे सार. मी त्याला साधेपणाने ‘निराळी घडण’ म्हणतो.

ह्या नावाखाली मुख्यतः तीन प्रकार येतात. पहिला स्वमग्नतेचा. ह्यात माणसांच्या बोलण्यातील न बोललेला अर्थ चटकन उमगत नाही, ठरलेल्या क्रमात बदल झाला की त्रास होतो, आवाज, वास, प्रकाश, कापडाचा स्पर्श ह्यांचा मारा इतरांहून अधिक जाणवतो, आणि एखाद्या विषयात मन खोलवर रमते. दुसरा प्रकार एडीएचडीचा, म्हणजे अवधान आणि आवेग ह्यांवरील लगाम निराळा असण्याचा. अशा माणसाजवळ लक्ष नसते असे नाही. लक्ष जेथे न्यावयाचे तेथे नेणे आणि नको तेथून काढणे त्याला अवघड जाते. वेळेचा अंदाज चुकतो, हाती घेतलेले काम अर्धे राहते, वस्तू हरवतात. तिसरा प्रकार अध्ययन-अक्षमतेचा. बुद्धी चांगली असूनही अक्षरे वा आकडे मनात नीट उमटत नाहीत. हे प्रकार एकमेकांत मिसळलेलेही आढळतात. तीनही प्रकारांची सुरुवात बालपणी होते आणि आनुवंशिकतेचा त्यांत मोठा वाटा असतो. आईने लाड केले किंवा धाक दाखवला नाही, म्हणून हे घडत नाही.

येथे कोणी म्हणेल की व्यक्ती तितक्या प्रकृती, त्यात नवे ते काय? म्हण खरी आहे, पण तिच्या आधारे प्रश्नाची बोळवण करता येत नाही. कधीतरी किल्ली विसरणे सर्वांच्याच नशिबी असते. परंतु लहानपणापासून, घरी, शाळेत आणि कामावरही, प्रयत्नांची शर्थ करूनही जी अडचण सुटत नाही आणि जी शिक्षणाच्या, नोकरीच्या, नात्यांच्या आड येते, तिला केवळ प्रकृती म्हणून भागत नाही.

डावखुऱ्या मुलीचे उदाहरण घ्या. पूर्वी आपल्या घरांतून अशा मुलीच्या डाव्या हातावर चापटी बसे. प्रसाद उजव्या हाताने घे, घास उजव्या हाताने घे, पाटीवर उजव्या हाताने लिही. ती तसे करू लागे, आणि खोड मोडली असे घरच्यांना वाटे. वास्तविक डावखुरेपण कोठेही गेलेले नसे. प्रत्येक अक्षराला तिला दुप्पट कष्ट पडत, इतकेच. स्त्रियांच्या निराळ्या घडणीचे नेमके असेच झाले आहे.

मुली नजरेआड का राहिल्या?

ह्या शास्त्राचा इतिहास पाहिला तर त्याच्या आरंभी एक स्त्री दिसते. मॉस्कोतील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये सहा मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि ते आजच्या स्वमग्नतेच्या वर्णनाशी मोठ्या प्रमाणात जुळते. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यांनी मुलींविषयीही लिहिले. परंतु हे लेखन मागे पडले. पुढे अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. व्हिएन्नातील हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये ज्या चार मुलांचे सविस्तर वर्णन केले ते चारही मुलगे. अशा वर्णनांच्या पायावर पुढच्या कसोट्या उभ्या राहिल्या. ज्या कसोटीचे माप मुलग्यांच्या अंगावरून घेतले, ती मुलीच्या अंगाला नीट बसत नाही ह्यात नवल काय?

एका मुलीमागे चार मुलगे, हे प्रमाण पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिले. २०१७ मध्ये अनेक पाहण्यांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा एक बोलकी गोष्ट दिसली. ज्या पाहण्यांनी आधीच निदान झालेली मुलेच मोजली, त्यांत एका मुलीमागे साडेचार मुलगे निघाले. ज्यांनी स्वतः लोकांत जाऊन शोध घेतला, त्यांत हे प्रमाण सव्वातीनापर्यंत खाली आले. म्हणजे मुली होत्या, त्यांना दवाखान्यापर्यंत कोणी आणले नव्हते. एडीएचडीचीही तीच कथा. वर्गात बाकावरून उड्या मारणाऱ्या मुलाची तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत जाते. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी कोणालाच त्रास देत नाही, म्हणून तिचा त्रास कोणाला दिसत नाही. ‘तारे जमीन पर’ ह्या २००७ च्या चित्रपटाने डिस्लेक्सिया हा शब्द आपल्या घरांत आणला, पण त्यातही मूल होते ते मुलगाच.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. मतिमंद मुलांसाठी नाशकात रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले आणि शहराला त्या मुलांकडे माणूस म्हणून पाहावयास शिकवले. ते काम मोठे आहे. परंतु जी मुलगी परीक्षा पास होत होती, स्वयंपाक शिकत होती, तिला काही अडचण असेल ही शंका कोणास येणार? परीक्षेत अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना सवलती महाराष्ट्रात १९९६ मध्ये आल्या. त्यापूर्वी दहावी झालेल्या आजच्या पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रियांना ‘अभ्यासात लक्ष नाही’ ह्या शेऱ्याखेरीज काही मिळाले नाही.

मुखवटा आणि त्याची किंमत

मुलीला आपण फार लवकर शिकवतो : नीट बस, हसून बोल, पाहुण्यांसमोर ये, मोठ्याने हसू नको, उलट उत्तर देऊ नको. ज्या मुलीला माणसांतील संकेत आपोआप कळत नाहीत, ती ते पाठ करते. मैत्रीण कशी हसते, किती वेळ डोळ्यांत पाहते, कोणत्या वाक्याला ‘अय्या’ म्हणते, हे पाहून ती तसेच करू लागते. संशोधक ह्याला मुखवटा म्हणतात. मुलगेही तो चढवतात, पण स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

मुखवटा फुकट मिळत नाही. लग्नघरात चार तास हसतमुखाने वावरलेली बाई घरी येऊन दिवा न लावता कोपऱ्यात बसते; सणाच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप नसताना अंथरुणातून उठवत नाही. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, दूरदर्शन आणि तीन माणसांचे एकाच वेळी बोलणे, एवढ्याने ती अकस्मात ओरडते, आणि मग दिवसभर स्वतःला दोष देते. मुखवट्याचा हा ताण वर्षानुवर्षे चालला की त्यातून चिंता, नैराश्य, आणि कधी जीव नकोसा होण्यापर्यंत मजल जाते, असे अभ्यास सांगतात. डॉक्टरांकडे जाऊन ती नैराश्याची गोळी घेऊन येते. नैराश्य खरे असते, गोळीचा उपयोगही होऊ शकतो. परंतु ज्या कारणाने ते पुन्हा पुन्हा येते ते तसेच राहते.

असे किती जण असतील? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगातील सुमारे १२७ माणसांत एक स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. हाच अंदाज लावला तर तेवढ्याच वस्तीत साडेअकरा हजारांच्या वर माणसे निघतात, आणि एकास तीन हे प्रमाण धरले तरी त्यांत जवळपास तीन हजार स्त्रिया. एडीएचडी आणि अध्ययन-अक्षमता ह्यांत धरलेली नाही. हा हिशेब ढोबळ आहे, पण ही माणसे आपल्याच गल्लीत आहेत एवढे तो सांगतो.

स्वतःची ओळख

चाळिसाव्या वर्षी नाव कळून काय उपयोग, असा प्रश्न घरातील वडील माणसे विचारतात. उपयोग असा की जिने तीस वर्षे ‘मी आळशी आहे, मी वाईट आहे’ असे म्हटले, तिला त्या सर्व प्रसंगांची फेरतपासणी करता येते. अमुक नोकरी का सुटली, अमुक मैत्रीण का दुरावली, सासरी पहिली दोन वर्षे इतकी जड का गेली, ह्यांची उत्तरे आता चारित्र्यात शोधावी लागत नाहीत. काहींना प्रथम सुटकेचा आनंद होतो आणि मागून गेलेल्या वर्षांचे दुःख होते. दोन्ही साहजिक आहेत. मात्र नाव म्हणजे सबब नव्हे. दिलेला शब्द पाळण्याची जबाबदारी तिची राहतेच. तो पाळण्याची रीत तिला आता आपल्या घडणीप्रमाणे ठरवता येते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. भ्रमणध्वनीवरील दोन मिनिटांची चित्रफीत पाहून स्वतःवर शिक्का मारू नये. विसरणे, थकवा, चिडचिड ही थायरॉईडच्या बिघाडानेही होते, रक्तक्षयाने होते, झोप पुरी न झाल्याने होते, घरात छळ असला तर त्यानेही होते. प्रथम शरीराची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत, आणि शक्य असेल तर आईला किंवा मोठ्या बहिणीला बरोबर न्यावे, कारण बालपणी काय होते हे कळल्यावाचून निदान होत नाही. एडीएचडीच्या कसोटीत खुणा बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या असाव्या लागतात. एकाच व्यक्तीत स्वमग्नता आणि एडीएचडी असू शकतात हे अमेरिकन मनोविकार संघटनेच्या कसोट्यांनी २०१३ मध्ये मान्य केले. त्याआधीचे निदान असेल तर ते पुन्हा तपासून घेणे योग्य. कोठून सुरुवात करावी हे न कळल्यास सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य आहे. ती २०२२ मध्ये सुरू झाली.

एडीएचडीवर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुष्कळांना उपयोगी पडतात. स्वमग्नता ‘बरी’ करणारे औषध नाही, आणि तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावे. बाकी उपाय घरगुती आहेत. दिवसाला आपल्याजवळ बळ किती आणि कोणते काम त्यातील किती खाते, ह्याची जमाखर्चाप्रमाणे नोंद ठेवावी. लग्नाला जावयाचे त्या आठवड्यात दुसरे निमंत्रण घेऊ नये. तोंडी निरोपावर विसंबू नये, फळ्यावर लिहावे. किल्ली, चष्मा, औषध ह्यांची जागा एकच ठेवावी. गर्दीत कानांत कापूस किंवा बोळे घालण्यास लाजू नये. कित्येक स्त्रियांचे अवधान पाळीच्या आधीच्या दिवसांत आणि पाळी जाण्याच्या वयात अधिक डळमळते; ती नोंदही ठेवून डॉक्टरांना दाखवावी. आणि निदान एक माणूस असे असावे, ज्याच्यासमोर मुखवटा काढून बसता येते. घरच्यांनी तिच्यासाठी करावयाचे काम ह्याहून सोपे आहे : रोज अर्धा तास तिला कोणी हाक मारू नये.

काम आणि कायदा

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या एकवीस प्रकारांच्या यादीत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता आहेत. एडीएचडीचे स्वतंत्र नाव त्यात नाही, आणि ही उणीव भरून निघावी म्हणून बोलले पाहिजे. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात स्वमग्न आणि अध्ययन-अक्षम व्यक्ती येतात. वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचे लेखी धोरण ठेवून त्यात अशा व्यक्तींना कोणत्या सोयी मिळतील हे लिहावे लागते. आपल्या कंपनीचे हे धोरण किती कामगारांनी पाहिले आहे? संघटनेच्या प्रतिनिधीने ते मागून घेणे हे पहिले काम होय.

राखीव जागांसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. परंतु वाजवी सोयीचा हक्क केवळ तेवढ्या दाखल्यावर अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात रवींदर कुमार धारीवाल यांच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावर त्या स्थितीशी निगडित वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव होऊ शकतो. तो खटला मनोविकाराचा होता, पण त्यामागचे तत्त्व आपल्या प्रत्येक चौकशी समितीने वाचण्यासारखे आहे. ‘उद्धट’, ‘दुर्लक्ष’, ‘असहकार’ हे शब्द नोटिशीत दिसले की त्यांच्यामागे काय आहे, हे विचारणे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे.

मागावयाच्या सोयी तरी कोणत्या? सूचना चिठ्ठीवर लिहून द्या. विभाग किंवा पाळी बदलावयाची तर दोन दिवस आधी सांगा. कान झाकणारी साधने वापरू द्या. जेवणाची सुट्टी एकटीने घालवली तर तो गुन्हा समजू नका. ह्यांत मालकाचा खर्च नगण्य आहे, आणि असे केल्याने शेजारच्या यंत्रावरील इतर कामगारांचेही काम सुधारते. अर्थात आपले निदान कामावर सांगावे की नाही, हा त्या बाईचा स्वतःचा निर्णय आहे. लग्न, बदनामी, बढती ह्यांची भीती खोटी नाही. म्हणून संघटनेने तिचे नाव पुढे न करता ह्या सोयी सर्वांसाठी मागाव्यात, हे बरे.

कामगार चळवळीला ह्यात नवे काही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा स्थापली आणि पुढे आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडले. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्यापूर्वी सातव्या दिवशी ज्याचे अंग चालत नसे, त्याने काय करावे? स्वतःला दुबळा समजावे आणि खाडा कापून घ्यावा. सुट्टी मिळाली तेव्हा कामगाराची हाडे बदलली नव्हती, कामाची मांडणी बदलली होती. निराळ्या घडणीच्या स्त्रियांनी आजवर स्वतःची हाडे बदलण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. आता मांडणी बदलण्याची पाळी घराची, शाळेची आणि कारखान्याची आहे. आणि तिचा आरंभ वेंधळी, घुमी, एककल्ली हे शब्द तोंडातून निघण्यापूर्वी क्षणभर थांबण्याने, आज घरी गेल्यावरच करता येईल.